वाचक विचारतात: समुद्रावरच्या हवेतलं मीठ, धूळ आणि काजळी

प्रश्न (हर्णै): पौष-माघात बंदरावर उभं राहिलं तर क्षितिजरेषा दिसतच नाही, सगळं धुरकट. पावसाने उघडीप दिली की मात्र लख्ख. समुद्रावर ना कारखाने ना गाड्या, मग हे धुरकं येतं कुठून?

जमिनीवरूनच. डिसेंबर ते मार्च वारा मुख्यतः ईशान्येकडून, म्हणजे देशावरून समुद्राकडे वाहतो. डिझेल, कोळसा, चुली, पालापाचोळा, जे जे जळतं त्याची काजळी आणि सल्फेटचे (इंधनातल्या गंधकाच्या धुरापासून बनणारे) बारीक कण तो सोबत नेतो. एक मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून) लहान कण पाऊस नसेल तर आठवडाभर सहज तरंगतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला तरी दिवसाला ४३२ किलोमीटर होतात. रत्नागिरीहून लक्षद्वीपचं मिनिकॉय बेट साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच दिवसांची वाट. १९९९च्या जानेवारी ते मार्चमध्ये 'इंडोएक्स' या आंतरराष्ट्रीय मोहिमेने हेच धुरकं मालदीवपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे मोजलं. मिनिकॉयच्या नोंदींतही काजळी हिवाळ्यात चढते आणि पावसाळ्यात अगदी तळाला जाते.

किनाऱ्यावर आणखी एक फेरा असतो. रात्रीचे मतलई वारे गावचा धूर समुद्रावर ढकलतात आणि दुपारी खारे वारे त्यातली बरीचशी हवा परत आणतात. खारा वारा सुटला म्हणजे हवा ताजी झाली, असं हिवाळ्यात तरी धरू नये.

आणि 'पावसाळ्यात समुद्रावरची हवा स्वच्छ' हे अर्धंच खरं. उपग्रहांना अरबी समुद्रावर वर्षातली सगळ्यात धुरकट हवा जून-जुलैतच दिसते. तेव्हा खवळलेल्या समुद्रातून मीठ उडत असतं आणि वरच्या थरातून अरबस्तानची धूळ येत असते. आपल्याला लख्ख दिसतं ते नुकत्याच पडून गेलेल्या सरीमुळे. ती किनाऱ्याजवळची हवा धुऊन काढते, पण समुद्रात हजार किलोमीटर आत तेवढा पाऊस नसतो.

प्रश्न (गुहागर): हवेचा दर्जा दाखवणारं लहान यंत्र घराच्या पडवीत लावलंय. जुलैच्या सकाळी पीएम २.५ (२.५ मायक्रॉनहून लहान कणांचं प्रमाण) तीन आकडी दाखवतं. समोर नुसता समुद्र! यंत्र बिघडलंय का?

यंत्र बहुधा ठीक आहे, ते पाणी मोजतंय. या यंत्रात लेझरचा झोत असतो. कणावरून किती प्रकाश विखुरला त्यावरून ते वजनाचा अंदाज बांधतं आणि कण कोरडा आहे असं गृहीत धरतं. मिठाचा कण सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतो. ८० टक्क्यांना त्याचा व्यास कोरड्याच्या जवळपास दुप्पट, म्हणजे आकारमान आठपट. शिवाय एकदा झालेला थेंब आर्द्रता ४५ टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत पुन्हा स्फटिक होत नाही आणि आषाढात आपल्या किनाऱ्यावर ती तेवढी उतरत नाही. त्यामुळे आकडा फुगलेलाच राहतो.

उपाय असा: शेजारी आर्द्रतामापक ठेवा आणि ७५ टक्क्यांच्या वरच्या नोंदी वेगळ्या काढा, सरासरीत धरू नका. संशोधन केंद्रांत हवा आधी ४० टक्क्यांच्या खाली सुकवूनच यंत्रात घेतात. घरी हवा आत घेणारी नळी किंचित तापवता येते, पण ४० अंशांच्या पुढे नको. अमोनियम नायट्रेटसारखे कण उडून जातात आणि मग उलटी चूक होते. यंत्र एसीच्या खोलीत ठेवून नळी बाहेर काढली तर घोटाळा ठरलेला. बाहेरच्या हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला वाफेचं पाणी होतं तो) २५ अंशांच्या आसपास असतो, थंड नळीत पाणी धरतं आणि ते यंत्रात ओढलं जातं.

एक लक्षात ठेवा: समुद्राच्या मिठाचं बहुतेक वजन २.५ मायक्रॉनपेक्षा मोठ्या कणांत असतं आणि तिथे ही स्वस्त यंत्रं कच्ची पडतात. त्यांचा पीएम १०चा आकडा आम्ही तरी ग्राह्य धरत नाही.

प्रश्न (मालवण, एक शिक्षिका): हवेतलं मीठ मुलांना शाळेत मोजता येईल का?

येईल, आणि जरूर करा. पत्रे-सळया किती गंजतील हे ठरवायला अभियंते 'ओल्या वाती'ची पद्धत वापरतात, तीच घ्या. अडीच सेंटिमीटर व्यासाच्या काचेच्या नळीवर स्वच्छ गॉज गुंडाळा. हवेत उघडा राहणारा भाग १२.७ सेंटिमीटर लांब असला की क्षेत्रफळ १०० चौरस सेंटिमीटर भरतं. गॉजची टोकं खाली बाटलीत सोडा. बाटलीत डिस्टिल्ड वॉटर आणि ग्लिसरीन, लिटरला २०० मिलिलिटर ग्लिसरीन या प्रमाणात. वर छप्पर, चारही बाजू उघड्या. पाऊस थेट लागला तर मीठ धुऊन जातं.

तीस दिवसांनी गॉज त्याच द्रावणात पिळून धुवा, डिस्टिल्ड वॉटर घालून एक लिटर करा आणि त्यातल्या १०० मिलिलिटरचं सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेशन करा (रंग बदलेपर्यंत ते थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजा), रंग बदलणारा सूचक पोटॅशियम क्रोमेट. ०.०१ नॉर्मल सिल्व्हर नायट्रेटचा एक मिलिलिटर म्हणजे ०.३५५ मिलिग्रॅम क्लोराइड. आलेल्या वजनाला दहाने गुणा. न वापरलेल्या गॉज-द्रावणाचाही असाच आकडा काढून वजा करा, हा टप्पा गाळू नका. समजा २४ मिलिग्रॅम उरले, भागिले ०.०१ चौरस मीटर, भागिले ३०, म्हणजे दिवसाला चौरस मीटरमागे ८० मिलिग्रॅम. ६० ते ३०० हा मधला वर्ग, त्यापुढे गंज झपाट्याने चढतो.

चुकतं कुठे? विहिरीचं पाणी वापरलं की सगळा प्रयोग वाया. हाताच्या घामातही मीठ असतं, म्हणून हातमोजे घाला. मे महिन्यात बाटली सुकते, जुलैत ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढून ती भरून वाहते. दर आठवड्याला बघा. क्रोमेट विषारी आहे, ते तुम्हीच हाताळा, मोरीत ओतू नका. एक वात किनाऱ्यावर आणि दुसरी किलोमीटरभर आत, डोंगराआड ठेवा. पहिल्या काहीशे मीटरांतच आकडा किती पडतो ते मुलांना स्वतः दिसू द्या.

प्रश्न (अलिबाग): जानेवारी २०२२मध्ये गाड्यांवर पांढरट भुकटी बसली होती. ते मीठच ना?

नाही, धूळ. २२-२३ जानेवारीला कराचीच्या बाजूने उठलेली धूळ गुजरातवरून मुंबईपर्यंत आली. ओळखायला सोपं: पुसलेली भुकटी पेलाभर पाण्यात टाका. मीठ विरघळतं, धूळ तळाला बसते. सौर पॅनेलवर अशी धूळ बसली तर आधी पाणी सोडा, कोरडं पुसलंत तर चरे पडतात.

प्रश्न (रत्नागिरी, विज्ञान शाखेचा विद्यार्थी): एवढं मीठ उडतं तर दूर समुद्रावरचे ढग मिठाच्या कणांवरच बनत असतील?

वजन आणि संख्या यांची इथे गल्लत होते. एक मायक्रॉनच्या एका कणाच्या वजनात ०.१ मायक्रॉनचे हजार कण बसतात. ढगाच्या थेंबांना हवी असते संख्या, आणि ती बऱ्याच अंशी सल्फेटच्या बारीक कणांची असते. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या केप ग्रिम या हवा-मोजणी केंद्रात १९७६पासून मोजमाप चालू आहे. तिथे वारा हिवाळ्यात जोरात, मीठही तेव्हाच जास्त; पण ढगबीजं, म्हणजे ज्यांवर ढगाचे थेंब धरतात ते कण, सर्वाधिक असतात उन्हाळ्यात. कारण उन्हाळ्यात वनस्पती-प्लवक (समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) वाढतात, त्यांच्यापासून डायमिथाइल सल्फाइड वायू सुटतो आणि हवेत त्याचं सल्फेट होतं. हे चक्र पृथ्वीचं तापमान सांभाळतं, असा तर्क १९८७मध्ये मांडला गेला. पुढच्या मोजमापांनी त्याला फारसा आधार दिला नाही.

सल्फेट मिठातलं की प्लवकांचं, हे कळायला सोडियम मोजतात. समुद्राच्या पाण्यात सोडियमच्या ०.२५ पट सल्फेट असतं, तेवढं वजा करायचं. उरेल त्यात धुराचं सल्फेटही येतं, म्हणून केप ग्रिमला १९० ते २८० अंशांतून, मोकळ्या दक्षिण महासागरावरून वारा आला तरच ती नोंद 'स्वच्छ' धरतात. कोकणात अशी दिशा फक्त जून ते सप्टेंबर मिळते आणि तेव्हाही वरच्या थरात अरबस्तानची धूळ असतेच.