हिंगणघाटकडच्या जिनिंगमध्ये काटेवाला आणि हमालांचा मुकादम यांचं हिशेबावरून वाजलंय. मालकाने मध्यस्थी केली तर चालेल का?

बैठक मालकाने जरूर घडवून आणावी, पण मध्यस्थ स्वतः होऊ नये. हमाली ज्याच्या हातून मिळते त्याच्यासमोर मुकादम मनातलं बोलणार नाही. "तुम्ही म्हणाल तसं, शेठजी" म्हणून मोकळा होईल आणि कापसाची पुढची गाडी आली की पुन्हा तेच भांडण. दोघांनाही चालेल असा बाहेरचा माणूस घ्या, गावातले निवृत्त मास्तर असले तरी हरकत नाही. त्यांनी आधी दोघांचं वेगवेगळं ऐकावं (टपरीवर चारचौघांत नव्हे), एकाचं दुसऱ्याला परवानगीशिवाय सांगू नये. मग काटापावत्या आणि मुकादमाची वही शेजारी ठेवून बसवावं. बरेचदा एखाद्या गाडीची हमाली चढवायची राहिलेली असते, बाकी सगळा राग. तोडगा दोघांनी काढायचा, मध्यस्थाने निकाल द्यायचा नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्याचा गाभाही हाच: मर्जी, गुप्तता, सक्ती नाही. मात्र तक्रार लैंगिक छळाची असेल तर हा मार्ग धरू नका. 2013 च्या कायद्यानुसार तिथे समेट फक्त तक्रारदार महिलेने मागितला तरच होतो, तोही पैशाच्या बदल्यात नाही. कामगार दहापेक्षा कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते.