डिस्क न जोडताच तिच्यावरची फाइल शोधता येईल असं सॉफ्टवेअर आहे का?

आहे, आणि बऱ्याच वर्षांपासून आहे. तुम्ही लिहिलंय की चार-पाच एक्सटर्नल हार्ड डिस्क, मूठभर पेन ड्राइव्ह आणि जुन्या डीव्हीडींचा गठ्ठा साठलाय, आणि एखादी फाइल हवी असली की एकेक डिस्क लावून बघत बसावं लागतं. या दुखण्यावरच्या सॉफ्टवेअरला डिस्क कॅटलॉगर म्हणतात. ते डिस्क एकदा वाचतं आणि प्रत्येक फाइलचं नाव, फोल्डर, आकार आणि तारीख स्वतःच्या डेटाबेसमध्ये लिहून ठेवतं. मग डिस्क कपाटात गेली तरी यादी कॉम्प्युटरवर राहते. फाइलच्या आत काय आहे ते वाचायचं नसल्यामुळे गच्च भरलेली डिस्कही बहुधा काही मिनिटांत उरकते. एका नोंदीला दोनशे बाइट धरले तरी दहा लाख फाइल्सचा कॅटलॉग २०० एमबीत बसतो, म्हणजे जागेची काळजी नको. फोटोंचे थंबनेल साठवायला सांगितलंत तर मात्र तो चांगलाच फुगतो.

कॉम्प्युटरचा स्वतःचा सर्च इथे कामाचा नाही. मॅकचा स्पॉटलाइट तर प्रत्येक डिस्कचा इंडेक्स, म्हणजे शोधासाठीची सूची, त्याच डिस्कवरच्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये ठेवतो. डिस्क काढली की इंडेक्सही तिच्याबरोबर गेला.

आता कोणतं घ्यावं. विंडोजवर असाल आणि नावावरून शोधण्यापुरतंच काम असेल, तर आधी व्हॉइडटूल्सचं ‘एव्हरीथिंग’ बघा. मोफत आहे. एनटीएफएस ही विंडोजची डिस्कवर फाइल्स मांडण्याची पद्धत. अशा डिस्कची मास्टर फाइल टेबल, म्हणजे तिच्यावरच्या सगळ्या फाइल्सची आतली नोंदवही, ते थेट वाचतं, त्यामुळे शोध टाइप करता करताच निकाल समोर येतात. सेटिंगमध्ये एनटीएफएसच्या पानावर ‘ऑफलाइन व्हॉल्यूम आपोआप काढून टाका’ अशा अर्थाचा एक पर्याय असतो (व्हॉल्यूम म्हणजे डिस्क किंवा तिचा एक भाग). त्यावरची खूण काढली की डिस्क काढल्यावरही तिच्या फाइल्स निकालात दिसत राहतात. दोन अडचणी आहेत. एक्सफॅट या दुसऱ्या पद्धतीच्या डिस्कला तो झटपट मार्ग लागू होत नाही, तिथे फोल्डर वेगळे जोडून इंडेक्स करावे लागतात. दुसरं म्हणजे निकालात ड्राइव्हचं अक्षर दिसतं, आणि आज ‘ई’ असलेली डिस्क उद्या ‘एफ’ होते. म्हणून मी त्याच्यातच प्रत्येक डिस्कची स्वतंत्र फाइल लिस्ट बनवून ठेवणं पसंत करतो. ती लिस्ट म्हणजे साधी सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली टेक्स्ट फाइल असते, उद्या एव्हरीथिंग नसलं तरी कुठल्याही स्प्रेडशीटमध्ये उघडेल.

खरा कॅटलॉगर हवा असेल तर ‘व्हर्च्युअल व्हॉल्यूम्स व्ह्यू’ हे ओपन सोर्स सॉफ्टवेअर विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतं. दिसायला जुनाट आहे, पण त्यात एक फार कामाची सोय आहे. वेगवेगळ्या डिस्कवरच्या फोल्डरना तुम्ही एका आभासी फोल्डरखाली आणू शकता. ‘लग्नं’ किंवा ‘कॉलेज’ असा फोल्डर त्यात करायचा आणि तीन डिस्कवर विखुरलेलं साहित्य तिथे एकत्र बघायचं. मूळ फाइल्स जागच्या हलत नाहीत. मॅकवर पैसे देऊन घ्यायची तयारी असेल तर ‘निओफाइंडर’ चांगलं आहे. पूर्वी त्याचंच नाव सीडीफाइंडर होतं, यावरून ही जमात कोणत्या काळातली आहे ते कळेल. त्याचं विंडोजवरचं भावंड ‘अबेमेडा’. विंडोजवर ‘विनकॅटलॉग’ हाही एक नेटका पर्याय आहे, तोही विकतचा. फोटोंची कॅमेऱ्याने लिहिलेली माहिती, गाण्यांचे टॅग, झिप फाइलच्या आतली यादी, हे सगळं शोधायचं असेल तरच विकतच्या वाटेला जा. कोणतंही घेतलंत तरी यादी सीएसव्हीमध्ये बाहेर काढता येते की नाही ते आधी तपासा. नसेल येत तर ते घेऊ नका. या प्रकारातली कितीतरी सॉफ्टवेअर लेखकाने काम थांबवल्यावर मागे पडली आहेत.

पण माझं स्पष्ट मत असं की सॉफ्टवेअरची निवड इथे दुय्यम आहे. कॅटलॉग फसतो तो डिस्कला ओळख नसल्यामुळे. सॉफ्टवेअर सांगतं की फाइल ‘न्यू व्हॉल्यूम’ वर आहे, आणि तुमच्या पाचपैकी तीन डिस्कचं नाव तेच असतं. म्हणून स्कॅन करण्याआधी प्रत्येक डिस्कला क्रमांक द्या. तोच क्रमांक व्हॉल्यूम लेबलमध्ये (कॉम्प्युटरवर दिसणाऱ्या डिस्कच्या नावात), तोच डिस्कच्या अंगावर चिकटवलेल्या पट्टीवर, आणि कॅटलॉगमध्येही तोच. फॅट३२ आणि एक्सफॅटमध्ये लेबल ११ अक्षरांपुरतंच असतं, एनटीएफएसमध्ये ३२, तेव्हा क्रमांक आखूड ठेवा: दोन रोमन अक्षरं आणि तीन आकडे पुरतात. ‘फोटो’, ‘बॅकअप’ अशी नावं देण्याचा मोह आवरा. वर्षभरात ‘फोटो’ डिस्कवर सिनेमे येऊन बसतात. डिस्क मेली तर तिचा क्रमांक नव्या डिस्कला कधीही देऊ नका.

क्रमांक आपण स्वतःच का द्यायचा? सॉफ्टवेअर आतून व्हॉल्यूमचा सीरियल नंबर बघून डिस्क ओळखू शकतं, हे खरं. पण फॉरमॅट केलं की तो नंबर बदलतो. उलट, डिस्कचं हुबेहूब क्लोन केलं तर दोन डिस्कना एकच नंबर मिळतो, आणि कॅटलॉगला दोन्ही एकच वाटू शकतात. एकाच डिस्कवर दोन पार्टिशन, म्हणजे दोन वेगळे कप्पे असतील तर क्रमांकापुढे अ आणि ब लावा, कारण कॅटलॉगच्या लेखी त्या दोन वेगळ्या डिस्क आहेत आणि तुमच्या हातात एकच डबी आहे.

दुसरी शिस्त म्हणजे पुन्हा स्कॅन कधी करायचं. लिहून झालं, आता डिस्क काढणार, तेव्हाच. ‘महिनाअखेरीस सगळ्या एकदम करू’ हे होत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

यादी तयार झाली की पुढचा मोह असतो डुप्लिकेट शोधून उडवण्याचा. इथे जरा दमानं घ्या. नाव सारखं म्हणून फाइल सारखी नसते. कॅमेरे फोटोंना चार आकडी क्रमांक देतात आणि ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, म्हणजे एकाच नावाचे दोन भलतेच फोटो असणं अगदी शक्य आहे. तारखेवरही विसंबू नका: फॅट३२ वेळ दोन-दोन सेकंदांच्या टप्प्यात आणि स्थानिक वेळेनुसार लिहितं, एनटीएफएस जागतिक प्रमाणवेळेत, त्यामुळे तीच फाइल दोन डिस्कवर वेगळ्या वेळेची दिसू शकते. खात्री हवी तर चेकसम, म्हणजे एसएचए-२५६ सारखा ठसा, काढावा लागतो. त्यासाठी प्रत्येक फाइल पूर्ण वाचावी लागते. सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने २ टीबीची डिस्क वाचायला साडेपाच तास लागतात, आणि जुन्या यूएसबी २.० पोर्टवर त्याच्या तिप्पट धरा. तरी महत्त्वाच्या फोल्डरपुरतं हे एकदा कराच. पुढे कधी तोच ठसा पुन्हा काढून जुळवला तर फाइल गुपचूप बिघडली आहे का तेही कळतं.

मराठी नावांबद्दल थोडं. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमधून यादी टेक्स्ट फाइलमध्ये उतरवायचा फुकटचा मार्ग बरेच जण सुचवतील. साध्या सेटिंगवर त्यात देवनागरी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, कारण तिथे युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची संगणकी पद्धत, आधी चालू करावा लागतो. आणखी एक बारकी खोच ‘ऱ’ ची आहे. ‘किनाऱ्यावर’ मधलं ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये एकाहून जास्त पद्धतींनी लिहिता येतं. शिवाय मॅकची जुनी एचएफएस प्लस प्रणाली नाव साठवताना ‘ऱ’ चे र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असे दोन तुकडे करते. डोळ्याला फरक दिसत नाही, शोध मात्र रिकामा परत येतो. अशा वेळी नुसतं ‘किना’ टाकून शोधा.

कॅटलॉग म्हणजे बॅकअप नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. डिस्क बंद पडून महिने झाले तरी कॅटलॉग ठामपणे सांगत राहील की फाइल तिथेच आहे. पण नेमका याच वेळी तो फार उपयोगी पडतो. काय गेलं आणि त्यातलं काय दुसरीकडे आहे, हे तुम्हाला ओळीनिशी कळतं. त्याहून चांगलं म्हणजे डिस्क जिवंत असतानाच तो प्रश्न विचारा: कोणत्या फाइल्स एकाच डिस्कवर आहेत? त्यांची दुसरी प्रत आधी काढा. लिनक्सवर कमांड लाइनची भीती नसेल तर जोई हेस यांचं ‘गिट-अ‍ॅनेक्स’ हेच काम आपणहून करतं. किमान किती प्रती हव्यात ते सांगून ठेवा, तेवढ्या दुसरीकडे असल्याची खात्री झाल्याशिवाय ते फाइल काढू देत नाही. शिकायला अवघड आहे, हेही सांगून ठेवतो.

कॅटलॉगची फाइल स्वतः दोन ठिकाणी असू द्या. आणि एखादी डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता न येणारी असेल तर लक्षात घ्या, तिच्यावरच्या फाइल्सची नावं कॅटलॉगमध्ये उघडी पडतात. ती डिस्क वगळा, नाहीतर कॅटलॉगच एन्क्रिप्टेड जागी ठेवा.

सुरुवात डीव्हीडींपासून करा. एकदा लिहिलेली डीव्हीडी बदलत नाही, म्हणजे एक स्कॅन कायमचा पुरतो. स्कॅन करताना एखादी अडखळली तर तिच्यावरचं सगळं त्याच बैठकीत हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. एका डीव्हीडीवर फार तर ४.७ जीबी असतं, दुपदरी असेल तर ८.५. पेन ड्राइव्ह मात्र कॅटलॉगमध्ये घेऊच नका. त्यांच्यावरचं रोज बदलतं आणि यादी आठवड्यात खोटी ठरते. त्यांच्यावरचं ठेवण्यासारखं असेल ते क्रमांक दिलेल्या डिस्कवर हलवा आणि ड्राइव्ह रिकामा करा.