चोवीस पानी अंक, दीडशे प्रती: झेरॉक्स की ऑफसेट?

चाळीच्या वाचनमंडळाचा 24 पानी, काळापांढरा अंक काढायचाय, 150 प्रती, झेरॉक्स करावा की ऑफसेटला, म्हणजे छापखान्यात प्लेटांवरून छापायला द्यावा, असं तुम्ही विचारलंय. 150 साठी ऑफसेटच्या वाटेला जाऊ नका. गिरगावातल्या आमच्या चाळीचा अंक मी बरीच वर्षं काढला, दोन्ही करून पाहिलंय.

ऑफसेटचा मोठा खर्च पहिली प्रत हातात यायच्या आधीच होऊन बसतो. प्लेटा, म्हणजे पानं उमटवलेले धातूचे पातळ पत्रे करायचे, मशीनवर चढवायचे, शाई आणि पाणी जुळेपर्यंत कागद वाया घालवायचा. डेमी आकारात, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंची पानात, तुमचा अंक दीड फर्म्याचा (एक फर्मा 16 पानांचा) होईल, म्हणजे 18 बाय 23 इंची कागदावर तीन प्लेटा. प्रती 150 काढा नाहीतर 1500, प्लेटा तेवढ्याच. झेरॉक्सला मात्र पहिल्या प्रतीला जो दर, साधारण तोच शेवटच्या प्रतीला. दोन्हीकडची कोटेशनं घ्या. ऑफसेटच्या एकरकमी खर्चाला प्रतीमागे वाचणाऱ्या पैशांनी भागा. समजा एकरकमी 6000 रुपये आणि प्रतीमागे 15 वाचतात, तर 400 प्रतींच्या पुढेच ऑफसेट परवडेल.

इथे एक मोह होतो. छापखानेवाले म्हणतात, थोडे पैसे वाढवा, 500 होतील. ते खोटं नसतं. आम्हीही 500 छापले. दोनशेच्या आसपास वाटले गेले, उरलेले गठ्ठे पोटमाळ्यावर चढवले. दोन पावसाळ्यांत ओल धरली आणि शेवटी रद्दीत घातले. माणसांनी जीव ओतून लिहिलेलं वजनावर विकताना मला फार लागलं. नेमक्या किती हातांत अंक जाणार, हे घरं मोजून ठरवा.

झेरॉक्सला देताना मात्र देवनागरीला जपा. आमच्या एका अंकात झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत गेलो आणि बारीक अनुस्वार, रफार उडाले. एका आजींनी यजमानांच्या आजारपणाबद्दल लिहिलं होतं, त्यात 'चिंता'ची 'चिता' झाली. त्या काही बोलल्या नाहीत, पण मी तो अंक आजही उघडत नाही. म्हणून मूळ कागदावरून प्रती काढू नका. पीडीएफ पेनड्राइव्हवर न्या आणि प्रत्येक प्रत थेट त्यावरूनच प्रिंट करून घ्या, फॉन्ट पीडीएफमध्ये एम्बेड केलेले, म्हणजे फाइलमध्येच सामावलेले असू द्या. अक्षर 12 पॉइंटच्या खाली नको आणि फार बारीक रेषेचा फॉन्टही नको. जुने फोटो काळे पडतात, ते आधी थोडे उजळून घ्या.

ए4 मधोमध दुमडून सेंटर पिन मारली की ए5 अंक होतो. पानं चारच्या पटीत हवीत, तुमची 24 बरोबर बसतात. मुखपृष्ठावर दुमडीवरून गडद रंग नेऊ नका, टोनर, म्हणजे झेरॉक्सची रंगाची पूड, कागदावर नुसता चिकटलेला असतो, घडीवर तडकतो. ऑफसेटची शाई कागदात मुरते, तिथे ही अडचण कमी. मुखपृष्ठ रंगीत हवं असेल तर तेवढंच वेगळं रंगीत डिजिटल प्रिंटरवर काढा.

पुढे कधी 500 च्या वर गेलात आणि ऑफसेटला द्यायचं ठरलं, तर गणपती ते दिवाळी टाळा. पावत्या, स्मरणिका आणि दिवाळी अंकांच्या गर्दीत तुमचं छोटं काम मागे पडेल. आत्ता मात्र आधी एकच प्रत काढून घरी आणा, उजेडात बसून ओळीवर बोट ठेवत एकेक अनुस्वार बघा, आणि मगच उरलेल्या 149 ना होकार द्या.