'कोडिंग स्टाईल गाइडलाइन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: एका मुक्तस्रोत प्रकल्पाची माहिती मराठीत आणताना 'कोडिंग स्टाईल गाइडलाइन्स अपडेट केल्या' हे वाक्य कसं लिहावं? 'नियम' म्हणावं की 'मार्गदर्शक तत्त्वे'?

मी 'कोडलेखनाचे संकेत' म्हणेन.

'मार्गदर्शक तत्त्वे' ऐकलं की राज्यघटनेचा चौथा भाग आठवतो. कोड लिहिताना कंस कुठल्या ओळीवर उघडायचा एवढ्यासाठी तो शब्द फार भारदस्त. 'नियम' सोपा आहे, पण कोडमध्ये त्याची जागा आधीच भरलेली आहे. सी भाषेत अर्धविराम राहिला तर कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, तो कोड नाकारतो. हा व्याकरणाचा नियम. ओळीच्या सुरुवातीला चार जागा सोडल्या की आठ, याचं त्याला सोयरसुतक नसतं. ते माणसांनी एकमेकांचा कोड वाचता यावा म्हणून आपसात ठरवलेलं असतं. रंगभूमीचे संकेत म्हणतो, तोच हा अर्थ. पायथन भाषेत तर दोन्ही शेजारी नांदतात: गटातल्या ओळी आत सरकवणं हा भाषेचा नियम, पण चार जागांनी सरकवणं हा 'पेप ८' या पायथनच्या कोडलेखनाच्या दस्तऐवजातला संकेत.

बदल होतो तेव्हा हा फरक जास्त जाणवतो. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे त्या संगणकप्रणालीच्या गाभ्याच्या कोडमध्ये, ओळ ८० रकान्यांत (साधारण ८० अक्षरांत) बसवण्याचा जुना आग्रह होता. त्याहून लांब ओळ दिसली की 'चेकपॅच' ही तपासणीची स्क्रिप्ट इशारा द्यायची. २०२० मध्ये इशाऱ्याची मर्यादा १०० वर नेली. कोडलेखनाच्या दस्तऐवजात मात्र पसंती ८० लाच राहिली. ओळ लांब ठेवून वाचणं बरंच सोपं होत असेल, तर ओलांडायची मुभा स्पष्ट शब्दांत दिली. एवढी सवलत 'नियम' या शब्दाला पेलत नाही. आपल्याकडे शुद्धलेखनाच्या नियमांनी त्या शब्दाला शुद्ध-अशुद्धाचा धाक कायमचा चिकटवला आहे.

एक अडचण खरी आहे. 'संकेतांक', 'संकेतशब्द' यांमुळे संगणकाच्या संदर्भात 'संकेत' म्हणजेच कोड, असं काहींना वाटेल. म्हणून तो एकटा वापरू नका. 'कोडलेखनाचे' हे विशेषण सोबत असू द्या.

राहिलं 'अपडेट'. 'अद्ययावत' माहितीला किंवा यादीला शोभतं. संकेत 'सुधारले' म्हणावं, आणि नुसता आकडा बदलला असेल तर सरळ 'बदलले'.