पूरगावच्या नव्या सरपंचांसाठी: पैसा कुठून उभा करायचा

सरपंच, अभिनंदन. सगळ्या योजनांच्या मागं एकदम लागू नका. आधी 2019च्या पुराची पातळी ग्रामपंचायत, शाळा, जॅकवेल (नदीचं पाणी उपसायची विहीर), दवाखाना यांच्या भिंतींवर रंगानं आखून घ्या, फोटो काढा. कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची धोका पातळी 43 फूट, पण तुमच्या गावात पाणी कुठवर येतं ते ही रेघच सांगते. अंदाजपत्रक तिच्यावरच उभं राहतं.

मग पैसा. ग्रामपंचायतीला केंद्राचं अनुदान वित्त आयोगाच्या शिफारशीनं मिळतं. 15व्या वित्त आयोगात (2021-26) 60 टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांसाठीच होता: पाणी आणि स्वच्छतेसाठी. नवे लोक इथंच अडकतात. बंधित पैशातून रस्ता सुचवतात आणि काम नामंजूर होतं. जॅकवेलचं स्टार्टर पॅनेल (पंप चालू-बंद करायची विजेची पेटी) रेघेच्या वर दोन फूट उचलणं हे मात्र पाणीपुरवठ्याचंच काम, ते बंधितमध्ये मांडा. चालू वर्षाची बंधित-अबंधित विभागणी ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी घ्या.

- काम ग्रामसभेच्या आराखड्यात नसेल तर पैसे असूनही खर्च होत नाही.
- आपत्ती प्रतिसाद निधी मदतीसाठी असतो. पूर यायच्या आधीच्या कामांसाठी आपत्ती सौम्यीकरण निधी वेगळा आहे; प्रस्ताव जिल्हाधिकारी कार्यालयात द्या.
- घरपट्टी-पाणीपट्टी वसूल करा. अनुदानातून पंप येतो, पण त्याच्या देखभालीला ग्रामनिधी, म्हणजे ग्रामपंचायतीचा स्वतःचा पैसाही लागतो.

कर्ज, रोखे वगैरे सध्या बाजूला ठेवा. पहिल्या वर्षी एकच काम धरा, पावसाळ्याआधी पुरं करा.