आईचा किराणा अ‍ॅपवरून नको

प्रश्न : ताई, मी पुण्यात आयटीत आहे. आई सोलापुरात एकटीच असते, वय ७१, बाबा जाऊन दोन वर्षं झाली. तिला त्रास नको म्हणून घरात कॅमेरा बसवला, स्मार्टवॉच दिलं, किराणा, भाजी, औषधं सगळं मी इथून अ‍ॅपवर मागवतो, रोज सकाळी मेसेज पण टाकतो. तरी हल्ली ती गप्प गप्प असते. परवा म्हणाली, "घरात सगळं येतंय रे, माणूस तेवढं येत नाही." फार लागलं मला ते. अजून काय करू?

उत्तर : अरे, तुझी काळजी खरी आहे. कॅमेरा, घड्याळ राहू दे, एकट्या माणसाला पडलं-झडलं तर उपयोगी येतं. पण किराण्याचं अ‍ॅप आधी बंद कर. आई दुकानात जायची तेव्हा काय काय व्हायचं आठव बरं, जिन्यात शेजारीण भेटायची, दुकानदार "काकू, गुडघा कसाय" म्हणायचा, भाजीवालीशी पाच रुपयांवरून घासाघीस आणि येताना कुणाच्या तरी ओट्यावर टेकली की अर्धा तास गेलाच. पिशवीत किलोभर साखरच असायची पण तेवढ्यात चार माणसं भेटून व्हायची. आता डिलिव्हरीचा पोरगा ओटीपी घेऊन पळतो, त्याला तरी थांबायला वेळ कुठंय. गुडघे दुखत असतील तर जड सामान दुकानातून घरपोच येईल, पण यादी घेऊन तिलाच जाऊ दे.

आणि मेसेजचं म्हणशील तर, २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचा एक अभ्यास आला होता. लहान मुलींना टेन्शन येईल अशी गणितं घातली, भाषण करायला लावलं. नंतर ज्या आईला भेटल्या किंवा फोनवर बोलल्या त्यांचा ताण उतरला, पण ज्यांनी नुसते मेसेज केले त्यांचा ताण आईशी काहीच न बोललेल्या मुलींइतकाच राहिला. लेकरांचं हे असं, तर एकट्या आईचं काय वेगळं असणारे? रोज दहा मिनिटं फोन कर, गोळी घेतली का एवढंच विचारून ठेवू नकोस, शेंगा चटणीला लसूण किती घालायचा ते विचार, ती बोलत राहील.

जानेवारीत सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेला ये. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांचे सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, ६८ शिवलिंगांच्या तैलाभिषेकाला निघतात, तेव्हा आईला घेऊन रस्त्याच्या कडेला बसायची जागा धर. तिथं शेजारी बसलेली अनोळखी बाईसुद्धा पाच मिनिटांत "कुठल्या तुम्ही?" म्हणून सुरू होते, आणि तू पण मोबाईल खिशातच ठेव. तिकीट आजच काढ, आणि आईला फोन करून सांग, मेसेज नको.