रेडिएशन ठरलेलं असेल तर सिलिकॉनची घाई नको

ताई, तुमच्या बहिणीचा स्तन काढायचं ऑपरेशन नागपूरला ठरलंय, काखेतल्या गाठींतही कॅन्सर निघाल्यामुळे पुढे रेडिएशन लागणार आहे, आणि कुणीतरी सांगितलंय की त्याच वेळी नव्या स्तनासाठी छातीत सिलिकॉन बसवून घ्या, म्हणजे पुन्हा भूल नको. हे करावं का, असं तुम्ही विचारलंय. मी या सगळ्यातून गेलेय. आधी ऑपरेशन, मग केमो, मग शेक म्हणजे रेडिएशन, आणि बऱ्याच काळाने पाठीचं मांस घेऊन नवा स्तन. म्हणून स्पष्ट लिहिते: शेक नक्की असेल तर त्याच दिवशी सिलिकॉन बसवायची घाई करू नका.

शेकाने कातडी काळवंडते, ते दिसतं आणि पुढे हळूहळू कमीही होतं. खरा बदल आत होतो. बारीक रक्तवाहिन्या कमी होतात, मांस घट्ट होत जातं, आणि हे काम शेक संपल्यावरही महिनोन्‌महिने चालू राहतं. सिलिकॉनभोवती शरीर एक पातळ आवरण तयार करतं. ते प्रत्येकीलाच होतं, पण शेकलेल्या छातीत ते जाड होऊन आवळायचा धोका बराच वाढतो. मग स्तन कडक होतो, वर सरकतो, दुखतो. जखम चिघळून सिलिकॉन काढावं लागण्याचं प्रमाणही शेक घेतलेल्यांत जास्त असतं. सगळ्यांनाच असं होत नाही, काहींचं चांगलं टिकतं. पण मला त्याहून मोठी भीती वेगळी वाटते. जखम भरायला वेळ लागला तर पुढची केमो किंवा शेक लांबतो, आणि बहिणीचा जीव त्या उपचारावर आहे.

कातडी ताणून जागा करायला आधी छातीत फुगा ठेवून त्यात हळूहळू सलाईन भरतात, तोही मार्ग आहे. त्यासाठी पुन्हा पुन्हा दवाखान्यात जावं लागतं. पांढरकवड्याकडच्या गावातून नागपूरला येणं-जाणं आणि दर वेळी बुडणारी मजुरी, याचा हिशेब आधी करा.

शेक संपल्यावर बहुतेक डॉक्टर सहा महिने ते वर्षभर थांबायला सांगतात आणि मग शरीराचंच मांस वापरतात, कारण ते आपला रक्तपुरवठा घेऊन येतं. उशीर झाला म्हणून संधी जात नाही, काही वर्षांनीही हे करता येतं. नवा स्तन केल्याने आजार उलटत नाही, तीही भीती काढून टाका.

मांस कुठून घ्यायचं, हे ठरवताना बहिणीचं वावरातलं काम डॉक्टरांना नीट सांगा. हे आपणच सांगावं लागतं. पोटाचा स्नायू घेतला तर पोटाची भिंत कमकुवत होऊ शकते, हर्निया होऊ शकतो. डोक्यावर भारा, पाण्याच्या गुंड्या उचलणाऱ्या बाईसाठी ही लहान गोष्ट नाही. स्नायू तसाच ठेवून फक्त पोटाची कातडी आणि चरबी घेण्याची पद्धत आहे, पण त्यात बारीक रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडतात. ऑपरेशन लांबतं आणि त्यात मुरलेली टीम लागते. पाठीचा स्नायू काखेतून पुढे वळवतात, ते त्यामानाने भरवशाचं. मात्र हाच स्नायू वरून खाली ओढायचं काम करतो. रोजचं स्वयंपाकपाणी, कापूस वेचणं मला जमतं. विहिरीतून दोरी ओढताना खांदा लवकर थकतो.

बहीण खर्रा, गुल किंवा मिश्री घेत असेल तर आजच थांबवायला लावा. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात, वळवलेल्या मांसाच्या कडा काळ्या पडतात. आपल्याकडे बाया हे डॉक्टरांपासून लपवतात, म्हणून मुद्दाम लिहिते. मधुमेह असेल तर तोही आटोक्यात हवा.

ऑपरेशननंतर डॉक्टर सांगतील तेव्हापासून खांद्याचा व्यायाम चुकवू नका. भिंतीवर बोटं चढवत हात वर न्यायचा. शेक घेताना हात डोक्याच्या वर ठेवून पडावं लागतं, खांदा आखडला तर तेच जमत नाही.

मधल्या काळात ब्लाउजमध्ये मऊ सुती पिशवी शिवून घ्या. बाजारातलं सिलिकॉनचं पॅड जड असतं आणि मे महिन्याच्या आपल्या उन्हात त्याखाली घाम साचतो. शेकलेली कातडी पूर्ण भरेपर्यंत ते नकोच. काही बाया पुढे कधीच दुसरं ऑपरेशन करत नाहीत आणि मजेत जगतात. बहिणीला तसं वाटलं तर घरच्यांनी तिच्यामागे लागू नये. हा निर्णय नवऱ्याचा नाही, सासूचा नाही, तुमचाही नाही.

एक काम मात्र आत्ताच करा. पहिल्या ऑपरेशनच्या आधी एकदा प्लास्टिक सर्जनची भेट मागा. नंतर काही करायचं असेल तर टाके कुठे घ्यायचे, कातडी किती ठेवायची, हे कॅन्सरचे डॉक्टर आणि ते मिळून ठरवू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन बसतं. नवा स्तन करण्याचा खर्च त्या दवाखान्यात योजनेतून होतो का, हे भरती होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, विचारा. रेशन कार्ड आणि आधार सोबत ठेवा.